दादासाहेब फाळके आणि आमच्या आजीचा फोटो

आमच्या आजीला फोटोचे वावडे होते. निपाणीत आमच्या सोप्यात बसून तिने चाळीस वर्षे विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि जर्दा. कोणी मोबाईल रोखला की ती पदर पुढे ओढी आणि तोंड फिरवी. फोटो काढला की आयुष्य घटते असे तिच्या आईने तिला सांगितले होते. ती गेली, आणि मग घरात शोध सुरू झाला तेव्हा तिचा समोरून काढलेला एकच फोटो हाती लागला. आत्तेबहिणीच्या लग्नात काकांनी मोबाईलवर काढलेला. पाच जण ओळीने बसलेले, मधे आजी, आणि नेमकी त्या क्षणी ती कॅमेऱ्याकडे पाहून हसते आहे.

वर्षश्राद्धाला तिचा मोठा फोटो भिंतीवर हवा, असे वडिलांनी ठरविले. मोठा म्हणजे दोन फूट बाय अडीच फूट. मी बेळगावात शिकायला असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले. व्हॉट्सअ‍ॅपवर काकांनी पाठविलेला फोटो घेऊन मी एका दुकानात गेलो. (दुकानाचे नाव सांगत नाही. दोष त्यांच्यापेक्षा माझा अधिक होता.) दुकानदाराने संगणकावर फोटो उघडला आणि कानडीत म्हणाला की फोटो सण्णदैति, लहान आहे. पण काळजीचे कारण नाही, हल्ली सगळे साफ करून मिळते. दोन दिवसांनी फ्रेम हातात आली. चेहरा अगदी स्वच्छ, काचेसारखा. फक्त ती आमची आजी नव्हती. भुवया कोरलेल्या, गाल भरलेले, आणि हनुवटीवरचे तीन ठिपक्यांचे गोंदण साफ पुसलेले. वडिलांनी फ्रेम पाहिली, काही बोलले नाहीत आणि ती कपाटामागे उभी करून ठेवली. मला त्या न बोलण्याचेच वाईट वाटले.

वर्षश्राद्धाला अजून दीड महिना होता. लहान चित्राचे मोठे चित्र कसे करतात, ते कोणी आधी केले असेल, अशा विचारात आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मराठीच्या कपाटाशी उभा असताना दादासाहेब फाळके यांचे चरित्र दिसले. मी ते चाळायला घेतले आणि वाचतच बसलो. दादासाहेब म्हटले की आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो आणि सरकारी पुरस्कार आठवतो. पण त्यापूर्वीची त्यांची वीस वर्षे फोटो काढणे, फोटोवरून ठसे करणे आणि ठशांवरून चित्रे छापणे यांत गेली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला तरी नव्हते. म्हणून हा लेख.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. घराणे वैदिक, वडील संस्कृतचे पंडित. मुलानेही पोथ्या घ्याव्यात अशी घरची अपेक्षा असणार. पण मुलाचा हात चित्राकडे वळणारा. वडिलांना मुंबईत अध्यापनाचे काम मिळाले, त्यामुळे कुटुंब मुंबईस आले आणि १८८५ साली धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथून थोरल्या भावाबरोबर बडोद्यास. बडोद्याचे कलाभवन ही त्या काळातली नवलाईची संस्था होती. सयाजीराव महाराजांच्या राज्यात प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी ती उभी केली, आणि तेथे चित्रकलेबरोबर रंगकाम, रसायन, वास्तुकला असे पोटापाण्याचे शिक्षण मिळे. धुंडिराजांनी तैलचित्रे, जलरंग, शिल्प, वास्तुकला, सारेच थोडेथोडे शिकून घेतले. १८९० च्या सुमारास एक कॅमेरा घेतला. गज्जरांनी त्यांना संस्थेची फोटोची प्रयोगशाळा आणि ग्रंथालय वापरू दिले, आणि पुढे ठसे बनविण्याची कला शिकण्यासाठी रतलामला पाठविले.

येथे थोडे थांबून ठसा म्हणजे काय ते सांगावेसे वाटते, कारण मला स्वतःला ते कळायला दोन संध्याकाळी लागल्या. फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी रंगाच्या असंख्य छटा असतात. छापखान्याच्या यंत्राला मात्र छटा कळत नाही. त्याला दोनच गोष्टी येतात: शाई लावायची किंवा नाही लावायची. मग राखाडी रंग छापायचा कसा? यावर युक्ती अशी की बारीक आडव्या-उभ्या रेघा कोरलेल्या काचेच्या जाळीतून फोटोचा पुन्हा फोटो घ्यायचा. जाळीमुळे चित्राचे ठिपके होतात. जेथे सावली दाट तेथे ठिपका मोठा, जेथे उजेड तेथे ठिपका बारीक. लांबून पाहिले की डोळा ते ठिपके एकत्र करतो आणि आपल्याला राखाडी रंग दिसतो. यालाच हाफटोन म्हणतात. रंगीत चित्रासाठी तर एकाच चित्राचे लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन वेगळे फोटो घ्यायचे, तीन ठसे करायचे आणि पिवळी, तांबडी, निळी शाई एकावर एक अशी छापायची की केसाइतकेही सरकता कामा नये. सरकले की ओठाचा रंग गालावर जातो.

आज आपल्या मोबाईलमध्येही ठिपकेच असतात. आपण त्यांना पिक्सेल म्हणतो. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरून पाहा. दादासाहेबांचे ठिपके अजून तेथे आहेत.

शिकून झाल्यावर त्यांनी गुजरातेत गोध्रा येथे फोटो स्टुडिओ काढला. तो जरा स्थिरावतो तोच प्लेगची साथ आली आणि तीत त्यांची पत्नी व मूल दोघेही गेले. चरित्रात ही गोष्ट दोन ओळींत उरकली आहे. मी त्या दोन ओळी बऱ्याच वेळा वाचल्या. माणूस तिशीच्या आसपास, परगावी, दुकानात लोकांचे हसरे फोटो काढायचे आणि घरी कोणी नाही. गाव सोडून ते बडोद्यास परतले. तेथे पुन्हा फोटोचा धंदा मांडला, तर लोक कॅमेऱ्यासमोर बसायला तयार होईनात. फोटोने आयुष्य कमी होते हा समज आड आला. हे वाचून मला हसू आले आणि लगेच आजी आठवली. शंभर वर्षांत बडोद्याहून निपाणीपर्यंत हा समज सुखरूप पोहोचला होता!

पुढे १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवावे, लेखात ते पुन्हा येणार आहे. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे-आराखडे काढणारा म्हणून नोकरी लागली. पण वंगभंगानंतर स्वदेशीचे वारे सुटले आणि दादासाहेबांनी सरकारी नोकरी सोडून लोणावळ्यास स्वतःचा ठसे व छपाईचा कारखाना काढला. लोणावळाच का? तर जवळच मळवली येथे राजा रविवर्म्यांचा सुप्रसिद्ध छापखाना होता. रविवर्म्यांची लक्ष्मी आणि सरस्वती त्या काळी घरोघर पोहोचल्या त्या तेथे छापलेल्या चित्रांतून. आमच्या निपाणीच्या घरातही देवघरावर तसलीच एक लक्ष्मी आहे, कडेने वाळवी लागलेली. एका चित्राला जितके रंग तितके शिळेचे दगड, आणि प्रत्येक दगडावर हाताने काम. फोटोच्या साहाय्याने चित्र दगडावर उतरविण्याचे काम दादासाहेब या छापखान्यासाठी करीत.

काम चांगले निघू लागले तसा कारखाना मुंबईत दादरला आला, नवे भांडवलदार भागीदार मिळाले आणि नाव झाले लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. १९०९ मध्ये रंगीत छपाईची नवी यंत्रे आणण्यासाठी दादासाहेब जर्मनीस गेले. परत आले, यंत्रे बसविली, छपाई वाखाणली गेली, आणि सगळे मार्गी लागले असे वाटत असतानाच भागीदारांशी बिनसले. एक दिवस ते कारखान्यातून बाहेर पडले. हाती काही न घेता.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, तेव्हा येथे मला प्रश्न पडणारच. भागीदार बाहेर पडतो तेव्हा त्याच्या भांडवलाचा हिशेब होतो, नावलौकिकाची किंमत ठरते, ती खात्यावर जमा होते. आम्ही अशी गणिते परीक्षेत पंधरा गुणांसाठी सोडवितो. दादासाहेबांनी या गणितातले काहीच वसूल केले नाही. चरित्रकार यात त्यांचा स्वाभिमान पाहतात. मला मात्र भागीदारांचीही बाजू थोडी दिसते. ज्याला छापलेला प्रत्येक कागद निर्दोष हवा असतो तो माणूस वेळेवर माल देईलच असे नाही. आणि ज्याने पैसा घातला आहे त्याला माल वेळेवर हवा असतो. खरा तोटा झाला तो दादासाहेबांच्या घरच्यांचा. पण हेही खरे की छपाईत जराशी हयगय चालवून घेणारा माणूस असता तर पुढचे काही घडलेच नसते.

पुढचे म्हणजे चित्रपट. मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला आणि तेथेच कृष्ण, राम दिसू लागले ही हकीकत सर्वश्रुत आहे, ती मी पुन्हा सांगत नाही. रात्रंदिवस चित्रपट पाहणे, यंत्राशी खेळणे आणि झोप नाही. त्यामुळे काही काळ त्यांची दृष्टी गेली होती. उपचारांनी ती परत आली. मग विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून परतले.

भोके पाडण्याचे यंत्र कशाला, असे मलाही वाटले होते. कच्ची फिल्म तेव्हा भोकांशिवाय येई. तिच्या दोन्ही काठांना सारख्या अंतरावर भोके पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकत नाही. एका फुटात सोळा चित्रे, एका चित्राला प्रत्येक बाजूस चार भोके. म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस. अंधाऱ्या खोलीत, हाताने. हे काम सरस्वतीबाईंनी केले. दिवसभर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, चित्रण चालू असताना उजेड परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभे राहणे, रात्री भोके पाडणे आणि फिल्म धुण्याची रसायने कालविणे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट भरली. एकशे अठ्ठावीसने गुणून पाहा. पावणेपाच लाखांच्या जवळ जाते, आणि वाया गेलेली फिल्म त्यात धरलेली नाही. तारामतीचे काम करायला स्त्री मिळेना म्हणून अण्णा साळुंके या तरुणाने ते केले, ही गोष्ट सगळे सांगतात. या भोकांची गोष्ट फार थोडे सांगतात.

सावकारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडेथोडे चित्रण करीत, बी रुजून वेल वाढेपर्यंतचा एक लहानसा चित्रपट तयार केला. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात! पैसा उभा राहिला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. त्या फिल्मवरील एक चित्र केवढे असते? साधारण चोवीस मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर उंच, म्हणजे अंगठ्याच्या नखाहून जरासे मोठे. पंधरा फुटी पडदा धरला तर ते चित्र रुंदीत जवळजवळ एकशे नव्वद पट होते. नखाएवढ्या चित्रात केसाएवढा ओरखडा असेल तर पडद्यावर तो दोरखंड दिसेल. मोठे करताना जे मुळात आहे तेच मोठे होते. ठशाच्या कामात दादासाहेब हे वीस वर्षे शिकले होते: जाळीत चूक झाली तर शाईने ती सुधारत नाही, निगेटिव्ह पुसट असेल तर कागद कितीही भारी घ्या. प्रतीवरून प्रत काढली की दर पायरीला काहीतरी गळते. म्हणूनच भोक पाडण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत सगळे त्यांनी आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर ठेवले, असे मला वाटते.

हे वाचताना माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दुकानदाराला दिली होती ती प्रत, मूळ नव्हे. त्याच रात्री काकांना फोन केला. मूळ फोटो त्यांच्या जुन्या मोबाईलमध्ये होता, आणि मोबाईल पेटीत. मी निपाणीला गेलो, तो चार्ज केला आणि हिशेब मांडला. मूळ फोटो ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आला तेव्हा तो १,६०० बाय १,२०० एवढाच उरला होता. पाच जणांतून आजी एकटी कापून घेतली की मूळ फोटोत तिच्या वाट्याला १,२०० बाय १,५०० ठिपके येतात. माझ्याकडच्या प्रतीत येत होते अवघे ४८० बाय ६००. ते मी चोवीस इंच रुंदीवर पसरायला निघालो होतो, म्हणजे इंचाला वीस ठिपके. हातभर अंतरावरून पाहायच्या फोटोला इंचाला तीनशे असले तर उत्तम, दीडशेपर्यंत चालून जाते. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला याहून फार कमी चालतात, कारण तो आपण रस्त्यापलीकडून पाहतो. आजीला रस्त्यापलीकडून कोण पाहणार? आणि ठिपके कमी पडले म्हणून संगणकाने त्यांच्या मधल्या जागा आपल्या मनाने भरल्या होत्या. त्याने हजारो बायकांचे चेहरे पाहिलेले असतील. गोंदणाला तो डाग समजला.

मूळ फोटोवरूनही दोन फूट रुंदी केली तर इंचाला पन्नासच ठिपके पडतात. वडिलांना हे कसे सांगावे हा प्रश्न होता. त्यांना मोठा फोटो हवा होता. गल्लीत इतरांकडे मोठे आहेत. तो सांगण्याआधी दादासाहेबांची उरलेली हकीकत पुरी करतो.

१९१३ नंतर त्यांनी नाशिकला बस्तान हलविले. १९१७ चा ‘लंकादहन’ इतका चालला की गल्ल्यातली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असे सांगतात. त्यात साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. १९१८ मध्ये पुन्हा भागीदारी, हिंदुस्थान फिल्म कंपनी. पुन्हा मतभेद. दादासाहेब सारे सोडून काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, १९२२ मध्ये परत कंपनीत आले. दुसऱ्यांदा तीच ठेच! पहिल्या वेळी मी त्यांची बाजू घेतली असती. दुसऱ्या वेळी मात्र कोणीतरी जाणत्याने करारपत्र त्यांच्यापुढे धरून एकेक कलम वाचून दाखवायला हवे होते असे वाटते. बोलपट आला आणि मूकपटांचा बाजार बसला. त्यांचा शेवटचा चित्रपट आपल्या शेजारी, कोल्हापुरात झाला: १९३७ चा ‘गंगावतरण’, कोल्हापूर सिनेटोनसाठी. दादासाहेबांचा हा एकच बोलपट, वय सदुसष्ट. निपाणीहून कोल्हापूर एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर. मी अनेकदा गेलो आहे, पण हे मला कोणी सांगितले नव्हते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. तोवर लोक त्यांना जवळजवळ विसरले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळे, त्यांपैकी पहिले आणि शेवटचे आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि तीही १९१३ ची की त्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्यांनी प्रतीसाठी डोळे घालविले त्यांच्या मूळ कामाची ही गत.

वडिलांना मी शेवटी कागदावर आकडे मांडून दाखविले. ते तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते, आकडे त्यांना पटकन कळतात. आठ इंच बाय दहा इंच, इंचाला दीडशे ठिपके, याहून मोठा नाही. भोवती रुंद पांढरा पुठ्ठा आणि त्याबाहेर चौकट, म्हणजे भिंतीवर लहान दिसणार नाही. दुसऱ्या एका दुकानात फाईल पेन ड्राइव्हवर नेली आणि चेहऱ्याला काहीही करू नका म्हणून कानडीत दोनदा, मराठीत एकदा बजावले.

फोटो आला तेव्हा वडील तो घेऊन दाराशी उजेडात गेले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि हनुवटीवरचे ठिपके बोटाने मोजले. तीन होते.